दम खाण्याचं शास्त्र

गोगाबाबा टेकडीच्या पायथ्याशी पहाटे साडेपाचला गेलात तर माणसं दिसायच्या आधी आकडे ऐकू येतात. "एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस..." पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं बैठका काढत असतात. कुणी सिल्लोडचा, कुणी कन्नडचा, कुणी पैठणचा. चौघांत एक खोली, सकाळी मैदान, दिवसभर अभ्यासिका. दहा-बारा वर्षांपूर्वी अंधारातला तो आकडे मोजणारा आवाज माझा असे.

मी व्यायामशास्त्राचा पदवीधर नाही. तरुणपणी गावच्या तालमीत माती अंगाला लागली तेवढीच. पुढं वाळूजच्या एका कारखान्यात देखभाल विभागात नोकरी केली. सकाळी टेकडीवर एकटाच व्यायाम करायचो, तर शेजारी दोन पोरं येऊन उभी राहिली, मग चार, मग पंधरा. ती मला काका म्हणत आणि मी सांगेन ते करत. मी सांगायचो ते मला माझ्या वस्तादांनी सांगितलेलं होतं : थांबायचं नाही. कुणी मध्येच गुडघ्यावर हात टेकून वाकला की मी ओरडायचो, "दम खायचा असेल तर घरी जाऊन खा!"

त्यातला एक पोरगा सिल्लोडकडचा, कोरडवाहू शेतकऱ्याचा. सोळाशे मीटर धावण्यात त्याला तोड नव्हती. बैठका एका दमात दोनशे. पण शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीचे गुण पन्नास, आणि त्यात सोळाशे मीटरला वीस, शंभर मीटरला पंधरा आणि गोळाफेकीला पंधरा अशी वाटणी असते. मुलांचा गोळा ७ किलो २६० ग्रॅमचा. हा गोळा त्याच्या हातून जाईना. यादीत नाव थोडक्यात हुकलं. तो परत आला आणि म्हणाला, "काका, बैठका तर दोनशे काढतो. मग गोळा का जात नाही?" मी म्हणालो, "तीनशे काढ."

त्यानं तीनशे काढल्या. पुढच्या भरतीत गोळा होता तिथंच पडला. नंतर वयाची अट आडवी आली. आता तो टेम्पो चालवतो, भेटला की थांबून बोलतो, त्याच्या मनात काही नाही. माझ्या मनात आहे. त्याचा प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर चुकीचं होतं. ते का चुकलं हे शोधायला मी आधी वाचनालयातली जुनी मराठी पुस्तकं धुंडाळली, मग शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजी शोधनिबंध वाचले. त्यातून हाती लागलं ते असं.

आपल्या भाषेत बळ आणि दम हे दोन वेगळे शब्द आहेत. कुस्तीच्या फडाशेजारी बसलेला म्हातारा सहज म्हणून जातो, "अंगात बळ आहे, पण दम नाही." तालमीत मात्र एकाच व्यायामानं दोन्ही मिळतं असं आपण धरून चालतो. तिथंच गफलत होते. बळ म्हणजे एका झटक्यात जास्तीत जास्त किती जोर लावता येतो ते. दम म्हणजे कमी जोर किती वेळ लावत राहता येतो ते. गोळा हातातून सुटायला लागणारा काळ डोळ्याची पापणी लवावी एवढा. त्यात दमाचा संबंध जवळजवळ नाहीच.

हाच फरक एका अमेरिकी लष्करी डॉक्टरनं कागदावर मांडला. थॉमस डीलॉर्म हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिकागोच्या गार्डिनर रुग्णालयात होते. समोर गुडघ्याला दुखापत झालेले सैनिक, खाटा अडवून महिनोन्‌महिने पडलेले. तोवरची पद्धत अशी की हलकं वजन घ्यायचं आणि पुष्कळ वेळा हलवायचं. डीलॉर्म स्वतः वजनं उचलणारे होते. त्यांनी सैनिकांना जड वजन थोड्या वेळा उचलायला लावलं, आणि १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात बजावलं की जड वजन थोड्या वेळा उचलण्यानं बळ येतं, हलकं वजन पुष्कळ वेळा हलवण्यानं दम येतो, आणि एक दुसऱ्याचं काम करू शकत नाही. माझ्या त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी छापून ठेवलेलं होतं.

डीलॉर्मबद्दल मला आदर वाटतो तो आणखी एका कारणानं. सुरुवातीला ते एका बैठकीत दहा-दहाचे सात ते दहा सेट करायला सांगत. १९४८ साली, वॉटकिन्स या सहकाऱ्याबरोबर लिहिताना, त्यांनी स्वतःचाच आकडा तीन सेटवर आणला : पहिला निम्म्या वजनाचा, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. आज गल्लीतल्या प्रत्येक जिममध्ये 'दहाचे तीन सेट' हा मंत्र ऐकू येतो त्याचं मूळ इथं आहे. मंत्र म्हणणाऱ्याला ते ठाऊक नसतं. दोन सेटच्या मध्ये किती थांबायचं, हा मंत्राचा दुसरा अर्धा भाग तर कुणी म्हणतच नाही.

तो अर्धा भाग समजायला स्नायूच्या आत डोकवावं लागतं. स्नायूला लागणारी ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूतून मिळते, आणि तो साठा काही क्षणांपुरताच असतो. तो संपत आला की फॉस्फोक्रिएटिन नावाचा दुसरा साठा त्याला लगोलग भरून काढतो. पण पूर्ण ताकदीनं काम केलं तर तोही दहा-एक सेकंदांत बराचसा उतरतो. गच्चीवरची टाकी आणि खालचा हौद असं समजा. (नळाला किती दिवसांनी पाणी येतं हे आम्हा संभाजीनगरकरांना विचारू नका, पण टाकीचं गणित आम्हाला कुणी शिकवायला नको.) तोटी पूर्ण उघडली की टाकी भराभर रिकामी होते. खालचा पंप चालूच असतो, पण त्याचा वेग तोटीपेक्षा कमी. तोटी बंद केली की साधारण अर्ध्या मिनिटात टाकी निम्मी भरते. उरलेली निम्मी मात्र सावकाश भरते. तीन मिनिटांत बहुतेक, पाच मिनिटांत जवळजवळ सगळी.

म्हणजे जड वजन उचलून अर्ध्या मिनिटात पुन्हा हात घातला तर आपण निम्म्या टाकीवर सुरुवात करतो. हे घरी करून पाहता येतं. एका दमात जास्तीत जास्त किती जोर निघतात ते पाहा. समजा पंधरा निघाले. अर्धं मिनिट थांबून पुन्हा काढा, आकडा चांगलाच घसरेल. तिसऱ्या खेपेला आणखी. दुसऱ्या दिवशी विश्रांती घेऊन, तिसऱ्या दिवशी तेच तीन-तीन मिनिटं थांबून करा आणि दोन्ही बेरजा वहीत शेजारी शेजारी लिहा. पहिल्या दिवशी घाम जास्त आला असेल, छाती जास्त धडधडली असेल, आणि काम कमी झालं असेल. आपण घामाला काम समजतो.

विश्रांतीची किंमत महाराष्ट्रानं एकदा ऑलिंपिकमध्ये मोजलेली आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सहावे आले होते. १९५२ साली हेलसिंकीला ते ५७ किलो गटात उतरले. जपानच्या शोहाची इशीबरोबरची लांबलेली कुस्ती हरल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद ममादबेयोव्हसमोर बोलावण्यात आलं. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्धा तास मिळायला हवा असा नियम होता, पण हरकत घ्यायला तिथं कुणी भारतीय अधिकारी हजर नव्हता, अशी ती हकीकत सांगितली जाते. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. इशीला सुवर्ण, ममादबेयोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, म्हणून आपण त्याचा अभिमान बाळगतो आणि तो रास्तच आहे. मला मात्र तो न मिळालेला अर्धा तास आठवत राहतो.

इथं कुणी विचारील, टाकी पाच मिनिटांत भरते तर अर्धा तास कशाला? कारण लांबलेल्या कुस्तीत फक्त टाकी रिकामी होत नाही. स्नायूत आम्लता वाढते, ती ओसरायला बराच वेळ लागतो. अंग तापलेलं असतं. स्नायूतली साखर खर्ची पडते, ती भरायला तर जेवण आणि जवळपास एक दिवस लागतो. थकव्याचं प्रत्येक खातं वेगळं आणि प्रत्येकाची परतफेडीची मुदतही वेगळी. दोन सेटमधल्या विश्रांतीत आपण त्यातलं पहिलं, सगळ्यात लवकर भरणारं खातं भरून घेत असतो.

आता मुद्द्याचा प्रश्न. जास्त थांबल्यानं त्या दिवशी काम जास्त होतं हे ठीक. पण महिन्या-दोन महिन्यांनी बळ जास्त वाढतं का? १९९५ साली रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी ३३ तरुणांवर पाच आठवडे हे पाहिलं. सेटच्या मध्ये तीन मिनिटं थांबणाऱ्यांचं स्क्वॉटमधलं बळ सुमारे सात टक्के वाढलं, अर्धं मिनिट थांबणाऱ्यांचं दोन टक्के. २०१६ साली शोनफेल्ड यांच्या गटानं सरावातल्या २१ पुरुषांवर आठ आठवडे प्रयोग केला. व्यायाम तेच, सेट तेवढेच, फक्त एका गटाला एक मिनिट विश्रांती आणि दुसऱ्याला तीन. बेंच प्रेस आणि स्क्वॉट दोन्हींत तीन मिनिटंवाले पुढं गेले. मांडीच्या पुढच्या स्नायूची जाडीही त्यांचीच जास्त वाढली. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. तीन मिनिटं! मी पोरांना तीस सेकंदसुद्धा देत नव्हतो.

एवढ्यावर निबंध संपवला असता तर बरं झालं असतं, पण वाचत गेलो तसा पेच वाढला. १९९४ साली रूनी, हर्बर्ट आणि बाल्नेव्ह यांचा ऑस्ट्रेलियातला प्रयोग माझ्या वस्तादांच्या बाजूनं उभा राहतो. ४२ जण, सहा आठवडे, कोपरातून हात वाकवून वजन उचलायचं. एक गट न थांबता उचलत होता, दुसरा दर उचलीनंतर अर्धं मिनिट थांबत होता. वजन आणि उचलींची संख्या सारखीच. न थांबणाऱ्यांचं बळ सुमारे ५६ टक्के वाढलं, थांबणाऱ्यांचं ४१ टक्के. म्हणजे थकव्यातही काही औषध आहे. मग २००२ साली इंग्लंडमध्ये फॉलंड यांनी पायाच्या व्यायामावर नऊ आठवडे तसाच प्रयोग केला, तर शेवटी दोन्ही गट बरोबरीत. त्यांच्या निबंधाचं शीर्षकच असं की बळ वाढायला थकवा आवश्यक नाही.

मग खरं काय? मला जे पटतं ते सांगतो. आपले स्नायुतंतू तुकड्यांनी काम करतात. प्रत्येक तुकडीवर एका चेतापेशीची हुकमत. हेनमन या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की मेंदू आधी लहान तुकड्या कामाला लावतो, गरज वाढेल तशा मोठ्या. मोठ्या तुकड्या बळकट, पण लवकर थकणाऱ्या. बळ वाढवायचं तर या मोठ्यांना जागं करायला हवं, आणि त्यांना जागं करायचे दोन रस्ते. एक, वजनच इतकं जड घ्यायचं की पहिल्या उचलीपासून त्यांना यावं लागेल. दोन, हलक्या वजनानं लहान तुकड्या थकवायच्या, म्हणजे नाइलाजानं मोठ्या पुढं येतात. वस्तादांची 'थांबायचं नाही' ही शिस्त दुसऱ्या रस्त्याची. रस्ता खोटा नाही. पण दोनशे बैठका सहज काढणाऱ्याला पहिल्या दीडशेत काहीच मिळत नाही, आणि शेवटच्या पन्नासात मोठ्या तुकड्या येतात तेव्हा त्या संथ, दमलेल्या बैठका घालत असतात. गोळ्याला हवा असतो झटका. शरीर जे करतो त्यातच तरबेज होतं. तो पोरगा दमून संथ हलण्यात तरबेज झाला होता, आणि त्याला तसं करणारा मी.

या दोन रस्त्यांच्या मधली एक वाट आहे, तिला इंग्रजीत क्लस्टर सेट म्हणतात. मी पोरांना 'झुपके' म्हणून सांगतो. दहाचा सेट सलग न काढता तीन-तीनचे किंवा दोन-दोनचे झुपके करायचे आणि मध्ये पंधरा ते तीस सेकंद वजन खाली ठेवायचं. हॅफ यांनी २००३ साली दाखवलं की असं केल्यानं सेटभर वजनाचा वेग फारसा पडत नाही. सलग केल्यास दर उचलीला पडत जातो. ऑलिव्हर यांच्या २०१३ च्या प्रयोगात एका गटानं दहाचे चार सेट केले, दोन-दोन मिनिटं थांबून. दुसऱ्यानं पाचाचे आठ, एक-एक मिनिट थांबून. उचली दोघांच्याही चाळीस, विश्रांतीची बेरीजही जवळपास सारखी. बारा आठवड्यांनी पाच-पाचवाल्यांचं बळ जास्त वाढलं होतं. मी हरखून गेलो होतो, पण २०२१ साली अशा २९ अभ्यासांची एकत्र पाहणी झाली तेव्हा बळाच्या बाबतीत झुपके आणि सलग सेट यांत एकूण फारसा फरक निघाला नाही. म्हणून झुपके म्हणजे जादू, असं मी कुणाला सांगत नाही. जड वजन चांगल्या वेगानं, न बिघडता पुन्हा पुन्हा उचलता यावं यासाठीची ती एक सोय आहे. नवशिक्यांना तर एवढ्या बारकाव्याची गरजच नाही. त्यांना एक-दोन मिनिटांची विश्रांती पुरते आणि पहिले काही महिने काहीही केलं तरी बळ वाढतं. मुरलेल्यांना मात्र दोन मिनिटांहून जास्त लागते.

मग तालीम चुकीची होती का? हा प्रश्न मला फार दिवस छळत होता, कारण वस्तादांना खोटं ठरवणं जिवावर येतं. बडोद्याच्या मुजुमदारांचा 'व्यायाम ज्ञानकोश' चाळताना जोर आणि बैठकांचे कितीतरी प्रकार सापडतात. गामा पहिलवान पाच हजार बैठका काढत असं लहानपणापासून ऐकलंय, आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. पण ही माणसं लढत कशी होती ते पाहा. जुनी कुस्ती चितपट होईपर्यंत चाले, वेळेला बंधन नसे. तिथं ज्याचा दम आधी संपला तो गेला. हजार बैठका त्या कुस्तीसाठी अगदी योग्य तयारी होती. आणि बळासाठी तालमीत दुसरी सोय होतीच : समोर अंगावर येणारा जोडीदार, म्हणजे कधी न संपणारं जड वजन. शिवाय नाल, गदा. दोन झटापटींच्या मध्ये पहिलवान अंगाला माती चोळत उभे राहतात ना, ती त्यांची विश्रांती. झुपके आखाड्यात होतेच, कुणी मोजले नव्हते. आम्ही काय केलं, तर माती आणि जोडीदार मागं ठेवले आणि नुसत्या बैठका टेकडीवर घेऊन आलो. आजची ऑलिंपिक कुस्तीसुद्धा तीन-तीन मिनिटांच्या दोन डावांची, मध्ये तीस सेकंद. खेळाचं घड्याळ बदललं की तयारीचंही बदलायला हवं.

अगदी दुसऱ्या टोकाचं उदाहरण सांगलीचा संकेत सरगर. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्यानं स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५, एकूण २४८ किलो उचलून रौप्य मिळवलं. सुवर्ण एका किलोनं गेलं. वेटलिफ्टरला सगळ्या स्पर्धेत मिळून फक्त सहा उचली असतात. नाव पुकारल्यावर एक मिनिट मिळतं, लागोपाठ त्याचाच क्रम आला तर दोन. अशा माणसाचा सराव एक, दोन, तीन उचलींचा आणि मध्ये भरपूर विश्रांतीचा असतो. माझ्या जुन्या नजरेनं पाहिलं असतं तर मी त्याला आळशी म्हणालो असतो.

सध्या टेकडीवर आमच्यात मुलीही येतात. त्यांचा गोळा चार किलोचा, धावणं आठशे मीटर. जिमची फी कुणाला परवडत नाही, म्हणून वाळूच्या गोण्या शिवून घेतल्या आहेत. आठ वेळा कशीबशी उचलता येईल एवढी गोणी खांद्यावर घ्यायची आणि तीनच बैठका काढायच्या, खाली जाताना सावकाश, वर येताना झटक्यात. गोणी खाली. अर्धं मिनिट. पुन्हा तीन. असे तीन झुपके झाले की पूर्ण तीन मिनिटं थांबायचं. हे आठवड्यातून दोन दिवस. लांब धावण्याचे आणि सलग बैठकांचे दिवस वेगळे, ते बंद केलेले नाहीत, कारण आठशे आणि सोळाशे मीटरला दमच लागतो. वेळ वाचवायचा असेल तर पाय थांबले असताना हाताचं काम करतो, पायाची टाकी हातानं रिकामी होत नाही. पन्नाशीच्या माझ्या मित्रांना मी वजन उचलताना श्वास कोंडू नका असं सांगतो, आणि रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारून या म्हणतो.

सगळ्यात अवघड गेलं ते थांबवणं. व्यायाम शिकवता येतो, थांबायला शिकवणं कठीण. पोरांना वाटतं बाकीचे बघतायत, आपण उभे आहोत. मोबाइलवर वेळ लावला तर हात दुसरीकडेच जातो आणि तीन मिनिटांची नऊ मिनिटं होतात, तेही उपयोगाचं नाही, अंग गार पडतं. म्हणून गुलमंडीवरून स्वयंपाकघरात वापरतात तसलं किल्लीचं एक घड्याळ आणलंय. ते पिळून मधल्या दगडावर ठेवतो आणि सगळे त्याच्याभोवती उभे राहतात. परवा एक नवीन मुलगी, फुलंब्रीकडची, दुसऱ्याच झुपक्यानंतर गोणीकडे हात न्यायला लागली. मी म्हणालो, "थांब, अजून वाजलं नाही."

"काका, मी दमले नाही."

"म्हणूनच थांब."

तिनं माझ्याकडे जरा संशयानं पाहिलं आणि घड्याळ वाजेपर्यंत तशीच उभी राहिली.